संग्रहातल्या वस्तूला कीड लागली तर: औषध न फवारता करायचे उपचार

कपाट उघडलं आणि लाकडी पेटीच्या पायाशी चिमूटभर फिकट पीठ सांडलेलं दिसलं, किंवा लोकरी कापडाची घडी उलगडताना तांदळाच्या दाण्याएवढी, कापडाच्याच रंगाची एक नळी टपकन खाली पडली, की छातीत धस्स होतं. नव्याने संग्रह सांभाळायला घेतलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपसूक फवाऱ्याकडे जातो. तो आवरा. कीड कित्येक महिने आत बसून खात होती, आणखी एक दिवस तिने खाल्लं तर आभाळ कोसळत नाही. घाईत मारलेलं औषध मात्र वस्तूत मुरतं आणि मग ते काढता येत नाही.

जुन्या संग्रहांनी याची किंमत मोजली आहे. पेंढा भरलेल्या प्राण्यापक्ष्यांच्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण चोळायची पद्धत अठराव्या शतकात सुरू झाली आणि विसाव्या शतकातही चालू राहिली. वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांवर पाऱ्याचे क्षार लावले गेले. पुढे डीडीटी आलं, डांबरगोळ्या आल्या, इथिलीन ऑक्साइडची धुरी आली. धुरीसाठीच वापरलं जाणारं मिथिल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक ठरलं, आणि मॉन्ट्रियल कराराखाली काही अपवाद सोडून विकसित देशांनी ते २००५ पर्यंत, विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत बंद करायचं ठरलं. आर्सेनिक आणि पारा तर आजही त्या कातड्यांत आणि कागदांत तसेच बसलेले आहेत. म्हणून कुठल्याही जुन्या वस्तूला हात लावण्याआधी नायट्रिलचे हातमोजे घाला. पिसांच्या बुडाशी, शिवणीत, डोळ्यांच्या कडेला पांढरी भुकटी किंवा स्फटिक दिसले तर मास्क लावा आणि धूळ उडवायला चुकूनही फुंकर मारू नका.

विषाशिवाय कीड मारायचे मुख्य मार्ग तीन आहेत: गोठवणं, प्राणवायू काढून घेणं आणि तापवणं. तिन्ही मार्ग अंडी, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेला किडा अशा सगळ्या अवस्था मारतात, पण एका अटीवर. परिणाम वस्तूच्या गाभ्यापर्यंत पोचला पाहिजे आणि तिथे पुरेसा वेळ टिकला पाहिजे. उपचार फसतात ते बहुतेक इथेच. यंत्राची तबकडी बरोबर आकडा दाखवत असते आणि वस्तूच्या पोटात वेगळंच काही चाललेलं असतं.

आधी पिशवीत बंद करा

वस्तू उघडी हातात घेऊन दालनातून फिरवू नका. पारदर्शक पॉलिथिनची मोठी पिशवी कपाटापाशी आणा, वस्तू तिथेच आत सरकवा आणि तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करा. वस्तूखालचा कागद, शेजारची पुठ्ठ्याची पेटी, तळाला गुंडाळलेलं कापड हेही दुसऱ्या पिशवीत घाला. पिशवीवर वस्तूचा नोंद क्रमांक, तारीख आणि कुठल्या फळीवरून उचलली ते लिहा. मग तीच फळी, तिच्या वरची-खालची फळी आणि कपाटाच्या फटी व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा आणि क्लीनरची पिशवी लगेच बांधून इमारतीबाहेर टाका.

वस्तू दमट लागली तर ती बंद पिशवीत फार दिवस ठेवू नका, बुरशी धरेल. कोरड्या वस्तूला दोन-तीन आठवडे पिशवीत काही होत नाही. एवढ्या वेळात शांतपणे विचार करता येतो, आणि या पहिल्या पायरीचा खरा फायदा तोच आहे.

कोण आहे ते ओळखा

आपण सरसकट ‘कसर लागली’ म्हणतो, पण त्या एका शब्दात निदान तीन वेगळे जीव येतात आणि तिघांचा बंदोबस्त वेगळा असतो.

पहिला कापडाचा पतंग. फिकट सोनेरी, सेंटिमीटरपेक्षा लहान आणि उजेडापासून पळणारा. हा स्वतः काहीच खात नाही. खाते ती त्याची अळी: पांढुरकी, तपकिरी डोक्याची. लोकर, केस, पिसं, फर हे तिचं अन्न. रेशीम आणि सुतही घामाचे किंवा अन्नाचे डाग असतील तर तिच्या तावडीतून सुटत नाही. एका जातीची अळी कापडावर रेशमी जाळं विणते, दुसरी स्वतःभोवती नळी विणून ती अंगावर घेऊन फिरते. ही नळी ज्या कापडावर अळी चरते त्याच्याच धाग्यांची असते. लाल शालीवर नळी लाल, निळ्यावर निळी. म्हणून ती नुसत्या डोळ्यांना चकवते. भिंग घ्या, घडीच्या आतल्या कडा बघा, दिवा तिरपा धरा.

दुसरा गालिच्याचा भुंगेरा. त्याची अळी केसाळ, पट्टेरी, चार-पाच मिलिमीटरची. ती वाढताना पुन्हा पुन्हा कात टाकते, आणि या पोकळ, केसाळ कातीच आपल्याला बहुधा आधी सापडतात. प्रौढ भुंगेरा गोल, ठिपकेदार, दोन-चार मिलिमीटरचा असतो. त्याला बाहेरचा परागकण हवा असतो, म्हणून तो उजेडाकडे उडतो. खिडकीच्या चौकटीत मरून पडलेले असे ठिपकेदार भुंगेरे दिसले की आत कुठेतरी अळ्या आहेत असं धरून चला.

तिसरी चंदेरी, माशासारख्या अंगाची, कागदाचा वरचा थर खरवडून खाणारी कसर. तिला दमट हवा लागते. जुन्या कागदांवर दिसणाऱ्या टाचणीच्या टोकाएवढ्या पुस्तकी उवांचंही तसंच. त्या मुख्यतः बुरशीवर जगतात. या दोघी दिसल्या तर वस्तूवर उपचार करण्याआधी खोलीकडे बघा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांच्या खाली आणून तिथेच टिकवली तर त्यांचा जोर आपोआप ओसरतो. भिंत ओली ठेवून वस्तू गोठवत बसणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

लाकडाच्या बाबतीत पिठाची भाषा शिकून घ्या. हातमोजा घालून चिमूटभर पीठ बोटांत चोळा. टाल्कम पावडरीसारखं मऊ लागलं तर बहुधा लिक्टस जातीचा भुंगेरा. तो रुंद पानांच्या झाडांच्या लाकडातला बाहेरचा, पिष्टमय भाग खातो आणि त्याची भावंडं बांबू पोखरतात. रव्यासारखं किंचित खरखरीत लागलं तर फर्निचरचा भुंगेरा. त्याची अळी लाकडात तीन-तीन वर्षं किंवा त्याहूनही जास्त राहू शकते. दोघांचीही भोकं गोल आणि साधारण एक ते दोन मिलिमीटरची. पुस्तकांत आणि वाळवलेल्या वनस्पतींत सरळ बोगदे करणारे लालसर तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचे भुंगेरे वेगळे. ते स्वयंपाकघरातल्या कोरड्या जिनसांतही आढळतात.

वाळवी असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिचं वारूळ बहुधा वस्तूत नसतं, जमिनीत किंवा भिंतीत असतं. मातीच्या नळ्या दिसल्या की वस्तू तिथून हलवा आणि इमारतीची दुरुस्ती हाती घ्या.

कीड जिवंत आहे का

भोक दिसलं याचा अर्थ किडा बाहेर पडून गेला. ते काल पडलं की पन्नास वर्षांपूर्वी, हा खरा प्रश्न. नव्या भोकाची कड धारदार असते आणि आतलं लाकूड ताज्या कापलेल्या लाकडासारखं फिकट दिसतं. जुन्या भोकाची कड बोथट, आत काळपट आणि बहुतेक वेळा धूळ किंवा पॉलिश भरलेलं.

तरी शंका राहिलीच तर वस्तू हलक्या हाताने साफ करा, सगळ्या भोकांचे फोटो काढा, खाली काळा कागद पसरा आणि पिशवीत बंद करून जिथे कुणाचा धक्का लागणार नाही तिथे ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी कागदावर पिठाची छोटी टेकडी दिसली तर कीड जिवंत आहे. वस्तू हलवली तर जुन्या बोगद्यांतलं पीठही झरतं आणि उगाच घाबरगुंडी उडते, म्हणून ‘धक्का नको’ यावर जोर देतोय. उलट बाजूही लक्षात ठेवा. कागद कोरा राहिला म्हणजे कीड नाही असं ठरत नाही, कारण लाकडातली अळी महिनोन्‌महिने एक कणही बाहेर टाकत नाही. गोठवायला हरकत नसलेली वस्तू असेल तर मी शंकेचा फायदा किड्याला देत नाही.

गोठवणं: नवख्या माणसाने इथून सुरुवात करावी

कापड, लोकर, पिसं, साधं न रंगवलेलं लाकूड, टोपल्या, कागद, पुस्तकं, वाळवलेल्या वनस्पती, पेंढा भरलेले बहुतेक प्राणी या सगळ्यांसाठी माझी पहिली पसंती गारठ्याला. खर्च कमी, विष नाही, आणि चुकलं तर पुन्हा करता येतं.

आकडे असे: गाभ्यात उणे ३० अंश सेल्सियस असेल तर तीन दिवस. घरगुती प्रकारच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते उणे २० अंशच मिळतात, तिथे दोन आठवडे ठेवा. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्याच्या भरवशावर राहू नका.

वस्तू आम्लमुक्त टिश्यू पेपरात किंवा धुतलेल्या सुती कापडात सैलसर गुंडाळा. हे गुंडाळणं नुसतं धक्क्यासाठी नाही. तापमान उतरताना पिशवीतल्या हवेतली वाफ कुठेतरी बसणार. ती वस्तूवर न बसता कापडात आणि कागदात शोषली जावी म्हणून ते हवं. मग पॉलिथिनच्या पिशवीत घाला, जमेल तेवढी हवा हळुवार दाबून काढा आणि तोंड पूर्ण बंद करा. पिसांचा तुरा किंवा ठिसूळ टोपली दाबली जाणार असेल तर हवा राहू द्या, गुंडाळणं मात्र वाढवा.

‘गोठलं की वस्तू फुटेल’ ही भीती सगळ्यांना वाटते. साधारण ५० ते ६० टक्के आर्द्रतेत राहिलेल्या लाकडात किंवा कापडात जे पाणी असतं ते तंतूंना बांधलेलं असतं, त्याचा बर्फ होत नाही. म्हणून कोरड्या वस्तूला बर्फाच्या फुगण्याचा धोका नाही, आणि ओल्या वस्तूला नक्की आहे. मात्र गोठलेल्या अवस्थेत सगळंच कडक आणि ठिसूळ होतं. आत असताना पिशवी दाबू नका, वाकवू नका, वर दुसरं काही रचू नका.

गारठा झटक्यात बसला पाहिजे. हळूहळू थंड होत गेलं तर काही किडे शरीरात गोठणरोधक द्रव्यं तयार करून तग धरतात. त्यासाठी फ्रीझर आधीच पूर्ण थंड करून ठेवा, वस्तू खोलीच्या तापमानातून थेट आत टाका, ‘जरा थंड जागी ठेवून मग घालू’ असं करू नका, आणि एका वेळी थोडंच भरा म्हणजे पिशव्यांमधून हवा खेळेल.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. सात जाड नोंदवह्या मी एकावर एक रचून एकाच पिशवीत घातल्या आणि फ्रीझर गच्च भरला. तबकडीवर उणे २० दिसत होतं, दिवस मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून, गठ्ठ्याच्या मधोमध आधीच सरकवून ठेवलेल्या थर्मामीटरच्या वायरचं दुसरं टोक वाचलं. आकडा होता उणे ६. कागद, लोकर, पिसं ही सगळी उष्णता धरून ठेवणारी. गाभा थंड व्हायला दोन-दोन दिवस लागतात. सगळं काढून, वह्या वेगवेगळ्या पिशव्यांत घालून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तेव्हापासून प्रत्येक खेपेला सगळ्यात जाड वस्तूच्या मध्यावर तापमापकाचं टोक ठेवतो आणि दिवस तिथून मोजतो. बाहेर वाचता येणारा, लांब वायरचा साधा डिजिटल तापमापक पुरतो. मध्ये वीज गेली आणि गाभ्याचा आकडा वर आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर काढताना घाई केली तर सगळ्या मेहनतीवर अक्षरशः पाणी पडतं. पिशवी न उघडता टेबलावर ठेवा. बाहेरच्या बाजूने दव धरेल, थेंब ओघळतील. ते पिशवीच्या अंगावर आहेत तोवर काळजी नाही. किमान २४ तास, मोठ्या वस्तूला ४८ तास जाऊ द्या. पिशवी बाहेरून पूर्ण कोरडी आणि हाताला खोलीएवढीच लागली की मगच उघडा.

आता काय गोठवायचं नाही ते. मेण, काच, हस्तिदंत आणि दात, कॅनव्हासवरची तैलचित्रं आणि ॲक्रिलिक चित्रं, लाखेचं काम, शिंपल्याचं जडावकाम, ताणलेलं कातडं असलेली वाद्यं, काचेवरच्या निगेटिव्ह, जुनं प्लास्टिक आणि रबर, चुंबकीय फिती. यांतल्या कित्येकांत दोन-तीन पदार्थ एकमेकांना चिकटलेले असतात. थंडीत ते वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि सांधा सुटतो. रंगाचे पोपडे सुटू लागलेलं लाकूडही याच यादीत धरा. या सगळ्यांसाठी पुढचा मार्ग आहे.

प्राणवायू काढून घेणं

हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो ०.५ टक्क्याच्या खाली, शक्यतो ०.३ च्याही खाली आणून तिथेच तीन आठवडे ठेवला, आणि खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास असलं, तर कीड मरते. लाकडाच्या आतल्या अळ्या चिवट असतात, त्यांना मी चार आठवडे देतो. खोली थंड असेल तर मुदत आणखी वाढवा, कारण थंडीत किड्याचा श्वासच मंद चालतो. विसाव्या शतकाच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटने या पद्धतीवर मोठं काम केलं आणि ती संग्रहालयांत रुळली.

किडा गुदमरून मरतो असं आपल्याला वाटतं, पण मुख्य कारण वेगळं आहे. प्राणवायू कमी पडला की तो अंगावरची श्वासछिद्रं सताड उघडी ठेवतो, आणि त्यातून शरीरातलं पाणी निघून जातं. तो सुकून मरतो. म्हणूनच पिशवीतली हवा फार दमट असेल तर उपचार लांबतो.

लहान वस्तूंसाठी प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या वापरतात. आत बारीक लोखंडाची पूड असते, ती गंजते आणि गंजताना प्राणवायू खाते. ‘एजलेस’ हे यातलं परिचित नाव. किती पुड्या लागतील याचा हिशेब सोपा आहे. समजा पिशवीची जागा ५० बाय ५० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे १०० लिटर. त्यात साधारण २१ लिटर, म्हणजे २१,००० मिलिलिटर प्राणवायू. एक पुडी २,००० मिलिलिटर शोषत असेल तर ११ पुड्या लागतील. गळतीसाठी दोन-तीन जास्त घाला.

पिशवी साधी पॉलिथिनची चालत नाही, तिच्यातून प्राणवायू हळूहळू झिरपत राहतो. ॲल्युमिनियमचा थर असलेली किंवा खास प्राणवायूरोधक फिल्मच हवी, आणि तोंड चिकटपट्टीने बंद करून भागत नाही, हीट सीलरने वितळवून जोडावं लागतं. सील दुहेरी मारा. बहुतेक गळती घडी पडलेल्या कोपऱ्यातून होते, तिथे बोट फिरवून बघा.

पुड्या हवेत उघडल्या की लगेच काम सुरू करतात आणि गरम होतात. त्या वस्तूला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठा किंवा कापडाची घडी ठेवा. काही प्रकारच्या पुड्या ओलावा सोडतात, काही ओलावाही शोषून घेतात. वेष्टनावरची माहिती वाचून वस्तूला झेपेल तो प्रकार निवडा. आणखी एक गोष्ट पहिल्या खेपेला चकित करते: पाचवा हिस्सा हवा नाहीशी झाल्यावर पिशवी आत ओढली जाते आणि वस्तूला घट्ट बिलगते. नाजूक वस्तूभोवती आधीच एखादी हलकी चौकट उभी करा किंवा पिशवी चांगली सैल ठेवा.

आत प्राणवायू दर्शवणारी गोळी दिसेल अशी ठेवा. एजलेसची गोळी ०.१ टक्क्याच्या खाली गुलाबी आणि ०.५ च्या वर निळी होते. संपूर्ण फिल्म ॲल्युमिनियमची असेल तर एक बाजू पारदर्शक रोधक फिल्मची घ्या, नाहीतर गोळी दिसणारच नाही. तीन आठवड्यांची मोजणी गोळी गुलाबी झाल्यावर सुरू होते. मधेच ती जांभळट दिसली तर गळती शोधा आणि पुन्हा दिवस पहिला.

मोठ्या वस्तूंना सिलिंडरमधला नायट्रोजन सोडून आधी हवा बाहेर ढकलतात आणि उरलेल्या प्राणवायूसाठी पुड्या घालतात. सिलिंडरचा नायट्रोजन ठणठणीत कोरडा असतो. तो पाण्यातून बुडबुडे काढून वस्तूला सोसेल एवढा दमट करूनच आत सोडावा, नाहीतर लाकूड तडकेल. बंद खोलीत नायट्रोजन साचला तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो, वासही येत नाही. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली गेला की वाजणारा अलार्म आणि वाहती हवा यांशिवाय हे काम करू नका, आणि पहिल्या खेपेला कुणा जाणकाराच्या हाताखालीच करा.

जवळजवळ सगळे पदार्थ ही पद्धत सोसतात. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा: प्रशियन ब्लू हा निळा रंग प्राणवायूविना फिकटतो. हवेत आल्यावर तो बराचसा परत येतो, पण ज्या चित्रात किंवा छापील कापडात तो असण्याची शंका आहे ते आधी संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याचं शिक्षण घेतलेल्या जाणकाराला, दाखवा.

कार्बन डायऑक्साइड हा याच घराण्यातला उपाय. सुमारे ६० टक्के प्रमाणात आठवडेच्या आठवडे ठेवावा लागतो, काही देशांत त्याला कीटकनाशकाचेच नियम लागतात, आणि तंबू, मीटर, परवाने हे सगळं नवख्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

तापवणं

गाभ्यात ५५ अंश सेल्सियस टिकलं तर कीड तासाभरात संपते. वेगात याची बरोबरी कुणी करत नाही. कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटच्या टॉम स्ट्रँग यांनी किडे कुठल्या तापमानाला मरतात याची माहिती १९९२ मध्ये एकत्र मांडली, आणि पुढे काळ्या पिशवीत उन्हाच्या उष्णतेने उपचार करण्याचीही पद्धत दाखवली. मोठ्या प्रमाणावर हे काम आर्द्रता सांभाळणाऱ्या खास कोठीत होतं, कारण हवा नुसती तापली की ती कोरडी पडते आणि लाकडातलं पाणी ओढून घेते.

पद्धत चांगली आहे, तरी नवख्याने ती संग्रहातल्या मौल्यवान वस्तूवर वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मेण, राळ, जुने गोंद मऊ पडतात, खराब झालेलं चामडं आणि कातडं आकसतं, निसर्गविज्ञानाच्या नमुन्यांतल्या डीएनएलाही धोका असतो. भांडारातली साधी लाकडी खोकी, फळ्या, गुंडाळायची कापडं यांच्यासाठी मात्र उष्णता उत्तम.

मायक्रोवेव्हचा विचारही करू नका. धातूचा धागा किंवा लपलेली टाचणी तिथे आग लावते. वस्तू उघडी उन्हात घालणंही नको, रंग उडतील आणि किडे सावलीच्या बाजूला सरकतील. सुवासिक पाला, फुलं, लाकडाचे तुकडे यांनी फार तर थोडे किडे दूर राहतील, आत बसलेली अळी मरत नाही. उलट तो सुकलेला पाला पुस्तकातल्या भुंगेऱ्याला मेजवानी ठरतो.

उपचारानंतर

मेलेले किडे, काती, जाळी, पीठ सगळं काढून टाका. हे दिसण्यासाठी नाही. मेलेल्या किड्यांची शरीरं गालिच्याच्या भुंगेऱ्याच्या अळ्या आवडीने खातात, आणि जुनं पीठ राहिलं तर पुढच्या वेळी नवं कोणतं ते कळणार नाही. अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा, कमी ओढीवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर घ्या, नळीच्या तोंडावर बारीक जाळीचं कापड ताणून बांधा म्हणजे सुटा धागा किंवा पीस ओढलं गेलं तर जाळीवर सापडेल. नळी वस्तूला टेकवू नका. एका हातात मऊ ब्रश धरून धूळ नळीकडे ढकला. हे काम भांडारात नको, वेगळ्या खोलीत करा.

साफ झाल्यावर पुन्हा सगळे फोटो काढा, भोकांच्या जागा टिपून ठेवा. कापड सहा-आठ आठवडे वेगळं ठेवून बघा. लाकडावर निदान वर्षभर नजर हवी, कारण एखादी अळी वाचली असेल तर ती पुढच्या हंगामातच भुंगेरा होऊन बाहेर येईल.

या तिन्ही उपचारांनी वस्तूत काहीच मागे राहत नाही. म्हणूनच ते चांगले, आणि म्हणूनच त्यांनी पुढचं संरक्षणही मिळत नाही. आज गोठवलेली शाल उद्या त्याच कपाटात, त्याच फटीतल्या अळ्यांशेजारी ठेवली तर ती पुन्हा खाल्ली जाईल. वस्तू परत नेण्याआधी जागा तयार हवी: फटी साफ, दाराखालची मोकळी जागा बंद, खिडकीला जाळी, आर्द्रता ताब्यात, आणि भिंत व जमीन जिथे मिळतात तिथे, खास करून दारांजवळ, चिकट सापळे. सापळ्यांना क्रमांक द्या आणि खोलीच्या नकाशावर ते मांडा. पतंगासाठी गंधाचे सापळेही मिळतात, पण त्यांत फक्त नर अडकतात. ते किती आहेत हे कळण्यासाठी उपयोगी, संपवण्यासाठी नाहीत.

सापळे महिन्यातून एकदा बघा. कुठल्या क्रमांकात कोण आणि किती सापडले ते लिहा, काहीच नसेल तर ‘शून्य’ असंही लिहा. वस्तूच्या नोंदीत कोणता उपचार, गाभ्याचं किमान तापमान किंवा प्राणवायूचं प्रमाण, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि कुणी केला हे टाका. पुढे कधीतरी दुसरा कुणी ही वस्तू हातात घेईल तेव्हा तिच्यावर विष मारलं होतं की नाही, हे त्याला या चार ओळींवरून कळेल.